साठीनंतर घरातल्या तरुणांकडून शिकताना: काय टिकतं, काय निसटतं

खडूफळा

फोन, बँकेचं अ‍ॅप, व्हिडिओ कॉल, तान्ह्या बाळाची काळजी... शिकवणारा विशी-तिशीतला आणि शिकणारा साठीपुढचा, असा वर्ग आता जवळपास प्रत्येक घरात भरतो. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की जग झपाट्याने बदलू लागलं की मोठ्यांना लहानांकडून शिकावं लागतं. कंपन्यांमध्ये याची पद्धतही बसली आहे. १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी तिथल्या वरच्या ५०० अधिकाऱ्यांना इंटरनेट शिकण्यासाठी तरुण सहकारी शोधायला लावले होते.

कंपनीत वेळ ठरलेली असते, विषय ठरलेला असतो. घरात यातलं काहीच नसतं. नात चप्पल घालता घालता "आजी, हे असं, मग असं, झालं" म्हणून दाखवून जाते आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मग दोन्हीकडून एकच निष्कर्ष निघतो: "या वयात नाही जमत." हा निष्कर्ष चुकीचा आहे. वयाबरोबर मंदावतो तो नवी माहिती पचवायचा वेग. शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली जाण साठी-सत्तरीतही शाबूत असते, अनेकदा वाढलेली असते. म्हणजे बदलायची आहे ती शिकवायची रीत.

ज्येष्ठांच्या वर्गांमध्ये जी रीत टिकते ती अशी.

बसायचं शेजारी, समोर नाही. समोर बसलं की एकाला स्क्रीन उलटी दिसते आणि फोन आपसूक शिकवणाऱ्याच्या हातात जातो. शिकणारा उजवा असेल तर शिकवणाऱ्याने डावीकडे बसावं, म्हणजे हात आड येत नाही. फोन पूर्ण वेळ शिकणाऱ्याच्या हातात आणि बोटही त्याचंच. शिकवणाऱ्याने दाखवायला बंद पेन किंवा पेन्सिलची मागची बाजू वापरावी. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं, कारण दुसऱ्याने भराभर केलेल्या क्रिया पाहून समजल्यासारख्या वाटतात पण हाताला येत नाहीत.

एका बैठकीत एकच काम, नव्या पायऱ्या तीन, फार तर चार. माणूस एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी डोक्यात धरू शकतो, आणि हे तरुणांनाही लागू आहे. पंधरा-वीस मिनिटं पुरे. क्रम असा: एकदा शिकवणारा तोंडाने सांगतो आणि शिकणारा करतो. दुसऱ्यांदा शिकणारा स्वतःच मोठ्याने बोलत करतो. तिसऱ्यांदा फोन बंद करून, पुन्हा उघडून, पहिल्यापासून, आणि शिकवणारा गप्प. हे गप्प राहणं सगळ्यात कठीण. शिकणारा अडला तर मनात दहा अंक मोजावेत आणि मगच इशारा द्यावा, तोही "वर बघा" एवढाच. स्वतः आठवून काढलेली पायरी सांगितलेल्या पायरीपेक्षा जास्त टिकते.

पुढची उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सगळ्यात वेगाने विसरतं ते पहिल्या दिवसात. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कधीही चांगली.

आणि पहिला धडा "पुढे कसं जायचं" हा नको. "परत कसं यायचं" हा हवा. कुठूनही मुख्य पडद्यावर येता आलं की भीती जाते, आणि भीती गेल्याशिवाय बोट धीटपणे चालत नाही.

अर्धविराम

उत्तम धागा. यात वहीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक घरांत वही असते आणि तरी ती उपयोगाची नसते.

पहिलं कारण: वही शिकवणारा लिहितो. सुवाच्य, नीटनेटकी, आणि परक्या शब्दांत. "कॉन्टॅक्ट ओपन करून अटॅचमेंट आयकॉनवर टॅप करा" हे वाक्य लिहिणाऱ्यालाच कळतं. वही शिकणाऱ्याने स्वतः, स्वतःच्या शब्दांत लिहायची. "खालची कागदाची पिन" असं लिहिलं तर तेच बरोबर. स्वतः जुळवलेले शब्द वाचलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहतात.

दुसरं कारण: एका पानावर चार कामं. पान एक, काम एक. वर मथळा प्रश्नाच्या रूपात: "मुलीला फोटो कसा पाठवू?" खाली पायऱ्या, सातच्या आत. सातच्या वर गेल्या तर त्या कामाचे दोन तुकडे करायचे. खुणेचं चित्र शब्दाशेजारी हाताने काढायचं, ओबडधोबड चालेल. पानाच्या तळाशी दोन ओळी राखून ठेवायच्या: "अडलं तर" आणि "झालं हे कसं कळेल". दुसरी ओळ लोक गाळतात आणि मग तोच फोटो पाचदा जातो, कारण गेला की नाही याची खात्री नसते. "माझ्या फोटोखाली दोन बारीक बरोबरच्या खुणा दिसल्या की पोचला" एवढं लिहिलं की प्रश्न मिटतो.

तिसरं कारण: जागा लिहिली जाते, खूण लिहिली जात नाही. "उजवीकडून दुसरं बटण" असं लिहिलं की अपडेट आल्यावर वही खोटी ठरते. "कॅमेऱ्याचं चित्र, बहुतेक वर असतं" असं लिहावं. पानाच्या कोपऱ्यात तारीख टाकावी, म्हणजे जुनं पान कोणतं ते दिसतं.

वही दोन बाजूंनी वापरायची. मागच्या पानांवर अडलेले प्रश्न साठवायचे. नातू आला की ती यादी काढायची. त्याला दिवसातून सहा वेळा हाक मारण्यापेक्षा हे दोघांनाही सुखाचं.

टाकबोरू

शिकवायला बसण्याआधी फोन त्या माणसाच्या मापाचा करून घ्या. अनेकदा "जमत नाही" म्हणतात ती अडचण सेटिंगची असते. अँड्रॉइडवर सगळ्यात जास्त फरक पडतो तो या गोष्टींनी:

दाबून धरण्याची वेळ. वयस्क बोट स्क्रीनवर थोडं जास्त वेळ टेकतं. फोन समजतो "दाबून धरलं", मग चिन्ह हलतं, पुसलं जातं किंवा भलताच मेनू उघडतो. "अ‍ॅप गायब झालं" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये टच अँड होल्ड डिले ("दाबून धरलं" असं मानण्याआधी फोन थांबतो तो वेळ) असतो, तो लाँग, म्हणजे जास्त, करा. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या टच विभागात टच अकोमोडेशन्स आहे. हात थरथरत असेल तर त्यातलं होल्ड ड्युरेशन (बोट किती वेळ टेकलं की स्पर्श मानायचा) आणि इग्नोर रिपीट (लागोपाठचे स्पर्श एकच मानणं) कामाला येतं. ज्या फोनमध्ये मुख्य पडद्याची मांडणी लॉक करायची सोय आहे तिथे ती लावाच.

खालची तीन बटणं. नवे फोन कडेवरून बोट ओढून मागे जायला सांगतात. डोळ्यांना दिसतच नाही अशी ही खूण आहे आणि वयस्कांना ती सगळ्यात जास्त छळते. नॅव्हिगेशन सेटिंगमध्ये तीन बटणांचा पर्याय निवडा. मागे, मुख्य पडदा, उघडी अ‍ॅप्स: तिन्ही कायम डोळ्यांसमोर. खडूफळा म्हणतात तो "परत कसं यायचं" हा धडा मग दोन मिनिटांचा होतो.

कोरडी बोटं. या स्क्रीन त्वचेतून होणाऱ्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालतात. त्वचा कोरडी असली की स्पर्श नोंदला जात नाही, मग माणूस जोरात दाबतो, आणि जोराचा उपयोग शून्य. बोटाच्या टोकाऐवजी पेराचा मऊ भाग टेकवा. आधी हात धुऊन किंचित ओलसर ठेवा किंवा थोडं क्रीम लावून जिरू द्या. जाड काच चिकटवली असेल तर स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायचं सेटिंग काही फोनमध्ये असतं, ते चालू करा.

बोटाचा ठसा. वयाने ठशाच्या रेघा झिजतात, त्यामुळे फोन ओळखत नाही. एकच अंगठा दोनदा, वेगवेगळी नावं देऊन नोंदवा आणि दुसऱ्या हाताचाही एक ठेवा.

अक्षर मोठं करताना एकदम शेवटच्या टोकाला नेऊ नका. काही अ‍ॅपमध्ये बटणं पडद्याबाहेर जातात आणि "पुढे" हे बटणच दिसत नाही. एक-दोन पायऱ्या कमी ठेवा आणि बारीक मजकुरासाठी मॅग्निफिकेशन, म्हणजे पडद्याचा भाग मोठा करून दाखवणारी सोय, चालू करा.

दवबिंदू

हे सगळं करण्यापेक्षा ज्येष्ठांसाठीचा सोपा मोड लावून दिला तर? मोठी मोठी चौकोनी बटणं, बाकी कटकट नाही.

टाकबोरू

दवबिंदू, सरसकट नको. सोप्या मोडमध्ये मांडणी वेगळी दिसते. मग शेजारी, भाऊ, मैत्रीण कुणीच मदत करू शकत नाही, कारण त्यांचा फोन तसा दिसत नाही. सत्तरीतली दोन माणसं एकमेकांना शिकवतात ते फार मोलाचं असतं, ते यात तुटतं. दृष्टी फार कमी असेल किंवा फक्त फोन लावणं-घेणं एवढंच हवं असेल तर सोपा मोड जरूर लावा. एरवी नेहमीचाच मोड ठेवून पहिल्या पडद्यावर सहाच चिन्हं ठेवा.

कानामात्रा

कान आणि चष्मा यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

वयाने कमी ऐकू येतं ते आधी उंच पट्टीतलं. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखे व्यंजनांचे बारीक आवाज निसटतात. म्हणून आजोबा म्हणतात, "आवाज येतोय, पण काय म्हणतोस ते कळत नाही." यावर ओरडून उपयोग नाही. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, आणि वर आवाजात चीड आल्यासारखी वाटते. उपाय: टीव्ही, पंखा बंद. तोंडाकडे उजेड, म्हणजे ओठ दिसतात. आवाज किंचित खालच्या पट्टीत, वाक्य छोटं, वाक्यानंतर थांबा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगा. आणि स्क्रीनकडे बघत पुटपुटू नका, हे तरुण सर्रास करतात.

प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (एकाच काचेत लांबचं आणि जवळचं दिसणाऱ्या) जवळचं दिसायचा भाग तळाशी असतो. फोन छातीच्या उंचीवर, साधारण ४० सेंमीवर धरला की नीट दिसतं. फोन टेबलावर सपाट ठेवला किंवा लॅपटॉप समोर आला की माणूस हनुवटी वर करून बघतो आणि पंधरा मिनिटांत मान अवघडते. मग "मला कंटाळा आला" म्हणून उठतो, खरं कारण मान असते. लॅपटॉपवर रोज बसायचं असेल तर त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेणं योग्य. वयाने डोळ्याचं भिंगही पिवळसर होतं, त्यामुळे निळ्यावर राखाडी असली फिकी अक्षरं दिसत नाहीत. हाय कॉन्ट्रास्ट टेक्स्टचा पर्याय चालू करा.

खडूफळा

कानामात्रा, फारच उपयोगी. "कंटाळा आला" या वाक्याकडे मी यापुढे वेगळ्या नजरेने बघेन.

आता खात्यांबद्दल, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. नातू घाईत आजोबांचं ईमेल खातं उघडतो आणि रिकव्हरीसाठी (खातं अडकलं तर परत मिळवण्यासाठी) स्वतःचा नंबर टाकतो. दोन वर्षांनी तो परदेशी जातो, नंबर बदलतो, आजोबा पासवर्ड विसरतात, आणि कोड जातो बंद पडलेल्या नंबरावर. मग खातं परत मिळवणं जवळपास अशक्य होतं. म्हणून खातं त्यांच्याच नंबरावर, रिकव्हरीचा दुसरा पत्ता घरातल्या कायम राहणाऱ्या माणसाचा, आणि नोंद वहीत. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवायला काहीच हरकत नाही. चोर तो कागद शोधत येत नाही, विसरणं मात्र नक्की घडतं. बँकेचा पिन तेवढा वहीत नको.

फसवणुकीबद्दल दहा सूचना दिल्या तर एकही ऐनवेळी आठवत नाही. दोनच पाठ करून घ्या. एक, फोनवर आलेला कोड (ओटीपी) तोंडाने कुणालाही सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही. दोन, पैसे, घाई आणि "कुणाला सांगू नका" यातलं काहीही कानावर आलं की फोन ठेवायचा आणि आपल्या वहीतल्या नंबरावर आपण स्वतः फोन लावायचा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्र करतं, त्यामुळे "आवाज नातवाचाच होता" ही खात्री उरलेली नाही. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा.

तरुणांना कळकळीची विनंती: चूक झाली म्हणून रागावू नका. रागावलात की पुढची चूक लपवली जाते. पैसे गेले असतील तर बँकेला पहिल्या काही तासांत कळवण्यावर सगळं अवलंबून असतं, आणि लपवण्यात नेमके तेच तास जातात. "लगेच सांगितलंत, बरं झालं" हे पहिलं वाक्य असावं. बाकी सगळं नंतर.

पाळणादोरी

धागा फोनभोवतीच फिरतोय. मोठ्यांनी तरुणांकडून शिकायची याहून नाजूक जागा म्हणजे तान्हं बाळ. इथे आजी-आजोबांचा अनुभव खरा असतो, आणि तरी काही गोष्टींचा सल्ला मधल्या काळात पार बदललेला असतो.

बाळाला पालथं झोपवणं हा एकेकाळी खुद्द बालरोगतज्ज्ञांचाच सल्ला होता. झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंशी त्याचा संबंध दिसल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये तो बदलला, १९९४ पासून तिथे मोठी मोहीम झाली आणि असे मृत्यू निम्म्यावर आले. आजचा नियम: वर्षाच्या आतल्या बाळाला प्रत्येक झोपेला, दिवसाच्याही, पाठीवर. गादी टणक, उशी नाही, सुटं पांघरूण नाही, मऊ खेळणी नाहीत. कुशीवरही नको, कारण कुशीवरून बाळ पालथं होतं. "उलटी झाली तर घशात जाईल" ही भीती साहजिक आहे, पण पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे बाहेर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला वर चढावं लागतं. पालथं असताना नेमकं उलटं. बाळ जागं आणि कुणी समोर बसलेलं असेल तेव्हा पोटावर जरूर ठेवा, मान-खांद्यांना बळ येतं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको, अगदी बोटाला लावूनही नाही. त्यातले बोट्युलिझमचे (एका गंभीर विषबाधेचे) जिवाणूबीज मोठ्यांच्या आतड्यात रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजतात. मध उकळूनही ते मरत नाहीत. आणि भाजलं तर २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही नाही.

दवबिंदू

माहिती पटली. पण हे सासूबाईंना सांगायचं कसं? "आम्ही काय तुम्हाला वाढवलं नाही का?" यावर संभाषण संपतं.

पाळणादोरी

दवबिंदू, तीन गोष्टी मदत करतात. पहिली, सल्ला कधी बदलला ते वर्ष सांगा. "तुम्ही केलंत ते तेव्हाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच केलंत, तो १९९० नंतर बदलला" यात कुणी चुकलं असं निघत नाही. दुसरी, बाळाच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या. डॉक्टरांकडून थेट मिळालेलं उत्तर सुनेच्या तोंडून आलेल्या उत्तरापेक्षा सहज पचतं. तिसरी, मुलाने बोलायचं, सुनेने एकटीने नाही.

आणि यादी छोटी ठेवा. झोप, मध, पाणी, भाजणं या जिवाच्या गोष्टींवर तडजोड नको. मालिश किती वेळ, अंगडं कुठलं, ओव्या कोणत्या यात त्यांचं ऐका, तिथे त्यांचा हात खरोखर तुमच्यापेक्षा सरावलेला आहे. सगळ्याच गोष्टी दुरुस्त करायला गेलात तर चार महत्त्वाच्याही ऐकल्या जाणार नाहीत.

अर्धविराम

शिकणाऱ्यांसाठीही थोडं. "मला हे करून दे" आणि "मला हे शिकव" या दोन वेगळ्या मागण्या आहेत, त्या सुरुवातीलाच स्पष्ट कराव्यात. वर्षातून एकदा लागणारा फॉर्म करून घ्यावा, शिकायची गरज नाही. रोज लागणारं शिकावं. प्रश्न नेमका विचारावा: "फोन बिघडलाय" यापेक्षा "मी हे दाबलं, मग हा निळा चौकोन आला" असं सांगितलं की मदत पटकन होते. निळा चौकोन आला तर तो बंद करण्याआधी त्यातला मजकूर मोठ्याने वाचावा. निम्म्या अडचणींचं उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

शिकवणाऱ्याला वेळ विचारून घ्यावी, आणि शिकवून झालं की "कळलं" म्हणण्याऐवजी करून दाखवावं. भीडेपोटी म्हटलेल्या "कळलं"ने दोघांचीही वीस मिनिटं वाया जातात.

निवांत_वाचक

नातवंडं दुसऱ्या गावी असतील तर हे कसं जमवायचं? शेजारी बसणं शक्य नाही, फोनवर सांगताना "कुठलं बटण?" इथेच अर्धा तास जातो.

टाकबोरू

निवांत_वाचक, घरात दुसरा फोन किंवा टॅबलेट असेल तर त्यावरून व्हिडिओ कॉल लावा, तो डब्याला टेकवून उभा करा आणि कॅमेरा शिकायच्या फोनकडे वळवा. बोट नेमकं कुठे टेकतंय ते पलीकडे दिसतं, आणि हीच सगळ्यात चांगली सोय आहे.

एकच फोन असेल तर आधी स्क्रीनशॉट शिकवा. बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून लगेच सोडायचं. फेस आयडीच्या (चेहरा ओळखून उघडणाऱ्या) आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं. एकदम दाबणं साधत नसेल तर अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनूमध्ये स्क्रीनशॉटचं मोठं बटण आहे. अडलेला पडदा पाठवला की नातू त्यावर गोल काढून परत पाठवतो. ही चित्रं एका अल्बममध्ये ठेवली तर ती दुसरी वहीच होते.

तिसरा मार्ग व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमधून स्क्रीन शेअर करायचा. इथे नियम कडक हवा: कॉल आपण स्वतः, घरच्या सेव्ह केलेल्या नंबरावर लावलेला असेल तरच. समोरून फोन करून कुणी स्क्रीन दाखवायला किंवा त्यासाठी नवं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर लगेच ठेवायचा. शेअर करण्याआधी बँकेचं अ‍ॅप बंद करा आणि डू नॉट डिस्टर्ब चालू करा, नाहीतर मधेच आलेला कोड पलीकडेही दिसतो. काम झालं की आधी शेअरिंग थांबवा, मग कॉल, आणि वरच्या पट्टीतली शेअरिंगची खूण गेली आहे का ते एकदा बघून घ्या.